मात्रा

आयासी सरोवराच्या काठी, बाभळीच्या विरळ सावलीत
पत्र्याचं टेबल. वर सुया, पट्ट्या, कापूस,
आणि पाण्यात ढवळलेली पन्नास ग्रॅम पांढरी भुकटी.
एकेकाने पेला रिकामा करायचा,
दर वीस मिनिटांनी मी बोट टोचायचं.
रक्तात साखर चढली तर दूध पचतं.
नाही चढली तर पोटात गुडगुड,
आणि झुडपामागे धाव.

उदामारी पेला नाकाशी नेते.
"हे कसलं दूध? गाय कुठाय याची?"
गिदामिस भाषांतर करतो, थोडी थट्टा पदरची घालून.
ती गटागट पिते, कोपरापर्यंतची पितळी कडी वाजतात.
आकडा चढतो. चढतच राहतो.
साठीची बाई; पण आईचं दूध सुटल्यावर
आतड्यातलं जे दार आपोआप लागतं,
बहुतेक माणसांचं, सगळ्या वासरांचं,
ते हिचं लावायचं राहूनच गेलंय.

फार मागे कुणा नक्कलनविसाला डुलकी लागली.
तीन अब्ज अक्षरांची पोथी, एक अक्षर चुकलं.
अशा चुका रोजच्या. बहुतेक निरर्थक,
काही जीवघेण्या.
ही मात्रा मात्र लागू पडली.

लागू पडली म्हणून पसरली, असं नाही.
मला राहून राहून ती पहिली आठवते,
जिला कुणीच पाहिलेलं नाही.
दुष्काळात बाकीचे पोट धरून बसले,
ही दूध पिऊन पाण्याला गेली,
आणि वाटेत साप.
चूक तिच्यासोबत मातीत.
शेकडो वर्षांनी दुसरी कुणी, तीच चूक : तिला ताप.
तिसरीला मूलच नाही.
चौथी जगली. किंवा चौदावी.
चांगल्यालाही आधी नुसतं तगावं लागतं.

आणि मग तिची चाल.
नवरी जितकं चालेल तितकंच.
उदामारी बसोटूहून इथवर आली, वाटेत दोन मुक्काम.
काय काय आणलं, ते ती बोटांवर मोजते :
कातड्याचा घागरा, कोळशाने धुरावलेला भोपळा,
सहा गायी, एक आंधळी शेळी.
सगळ्यांत टिकलं, ते रुखवतात मांडलंच नव्हतं.
तिची एक लेक इराक्वांकडे दिलेली, मक्याच्या शेतांपलीकडे;
तिथली दुधावरची साय परवा पेला चाटून गेली,
आकडा आजीसारखाच.

एक पिढी, एक टेकडी.
संध्याकाळी मी नकाशावर पेन्सिल फिरवते,
मध्ये गडद, कडेला फिकट,
सांडलेल्या चहाचा डाग जसा.
सांडून हजारो वर्षं झाली, कडा अजून ओली.
मध्येच दूरवर एक सुटा थेंब :
भावांशी भांडून परक्या कळपामागे गेलेला कुणी.
वणव्याची ठिणगी ओढ्यापलीकडे पडावी,
आणि आग पोचेपर्यंत तिथलं गवत केव्हाच पेटलेलं असावं.

उत्तरेकडून दुसरा डाग सरकतोय.
सुदानच्या वाटेवर दुसऱ्या नक्कलनविसाला
दुसरी डुलकी लागली होती,
त्याच पानावर, शंभरेक अक्षरं अलीकडे.
अर्थ तोच. दूधही तेच.
दोन्ही भेटतात तिथे कुणी जिंकत नाही;
ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे
तो शेजाऱ्याचा विस्तव कशाला मागेल?
न आखलेली सीमा तिथे पडते,
आणि लग्नं लागतात तशी पुसट होत जाते.

शेवटच्या दिवशी गिदामिस स्वतः पेला उचलतो.
वीस मिनिटं. चाळीस. साठ.
आकडा जागचा हलत नाही.
तो हसतो, मग हसत नाही, मग झुडपाकडे जातो.

परत येतो तेव्हा उदामारी भोपळा पुढे करते,
आत दोन दिवस आंबलेलं दूध.
"हे पी. हे सगळ्यांना चालतं."
कुणी शिकवलं, विचारलं तर हात हलवते :
पलीकडच्या वस्तीतली कुणी बाई,
भर दुपारी, झाडाखाली, बसल्या बसल्या.

वहीत यासाठी रकाना नव्हता.